वेगमर्यादा कोणाच्या मापाची?

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत आरमोरीकडे जाणारा ३५३-डी हा राष्ट्रीय महामार्ग दिवसभरात अनेक रस्त्यांचे काम एकटा करतो. उमरेड परिसरातल्या कोळसा खाणींच्या जड गाड्या त्याच्या वाट्याला येतात आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाणाऱ्या एसटी व खासगी बसही त्यावरूनच धावतात. हंगामात धानाचे आणि मिरचीचे ट्रॅक्टर याच डांबरावर येतात. भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावात तर हा महामार्ग गावचा रस्ताही असतो. शाळेला, तहसीलला, दवाखान्यात, बाजाराला जाणारे लोक तो ओलांडतात आणि सातऱ्यांवर, म्हणजे मिरच्यांचे देठ खुडण्याच्या जागी, दिवसभर राबून परतणाऱ्या बायका संध्याकाळी त्याच्याच कडेने चालतात. अशा रस्त्यावर गाडी किती वेगाने जावी, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. आपल्याकडे त्याचे उत्तर गाडीचा प्रकार आणि रस्त्याची रुंदी पाहून दिले जाते. माझे म्हणणे असे आहे की हे माप चुकीच्या टोकापासून घेतलेले आहे. एखाद्या जागी वेग किती असावा हे त्या जागी असणाऱ्या सर्वांत दुबळ्या माणसाचे शरीर काय सोसू शकते यावरून ठरले पाहिजे, आणि एकदा ठरलेला वेग रस्त्याच्या बांधणीने आणि न चुकणाऱ्या तपासणीने पाळून घेतला पाहिजे.

आधी सध्याची व्यवस्था पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे केंद्र सरकार वाहनप्रकारानुसार कमाल वेग ठरवते. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने हे आकडे वाढवले. मोटारींना द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, मालवाहू गाड्यांना अशा चौपदरी रस्त्यावर ८० आणि इतर रस्त्यांवर ६०, मोटारसायकलींनाही ८० आणि ६०. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही वाढ रद्द ठरवली आणि कमी मर्यादेची नवी अधिसूचना काढायला सांगितले. तरीही मोटारीने १२० च्या वेगाने जाण्याची मुभा समृद्धी महामार्गावर आजही आहे. २०१८ च्या तक्त्यातली एक गोष्ट मात्र फारशी चर्चेत आली नाही. त्यात नगरपालिका हद्दीतले रस्ते आणि ‘इतर रस्ते’ असे दोन वेगळे रकाने आहेत, पण मोटारीसाठी दोन्हीत आकडा एकच आहे : ७०. शेतांमधून जाणारा मोकळा रस्ता आणि दोन्ही बाजूंना दुकाने, दारे, ओटे असलेला रस्ता यांत देशपातळीवरच्या कमाल मर्यादेने काहीच फरक केलेला नाही. तो फरक करण्याचा अधिकार त्याच कलम ११२ ने राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला दिला आहे. सार्वजनिक सुरक्षेसाठी, लोकांच्या सोयीसाठी किंवा रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप पाहून ते वेग आणखी कमी करू शकतात. त्यासाठी रीतसर फलक लावावे लागतात. म्हणजे कायद्यात जागा आहे, ती वापरायची कोणत्या तत्त्वाने एवढाच प्रश्न उरतो.

ते तत्त्व शोधायला एक प्रसंग जवळून पाहावा लागेल. एसटी थांब्यावर उभी आहे. तिच्या पुढून एक मूल धावत रस्त्यावर येते आणि त्याच क्षणी तिकडून येणाऱ्या मोटारीच्या चालकाला ते दिसते. अंतर सुमारे २८ मीटर. चालक सावध आहे, एका सेकंदात त्याचा पाय ब्रेकवर जातो, रस्ता कोरडा आहे, टायर चांगले आहेत. गाडी ताशी ५० किलोमीटरने येत असेल तर त्या एका सेकंदात ती सुमारे १४ मीटर पुढे जाते, उरलेल्या १४ मीटरमध्ये ब्रेक लागून जेमतेम मुलाच्या पायाशी थांबते. हीच गाडी ६० ने येत असेल तर? पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ती जवळजवळ १७ मीटर खाऊन बसते आणि मुलाला धडकते तेव्हा तिचा वेग अजून ४० च्या आसपास असतो. ७० ने येत असेल तर धडकेच्या क्षणी वेग ५८. आणि ३० ने येत असती तर ती निम्म्या अंतरातच उभी राहिली असती. चालकाला ५० आणि ६० यांत काही फरक जाणवत नाही, स्पीडोमीटरचा काटा बोटभर सरकतो एवढेच. मुलाच्या दृष्टीने मात्र एकीकडे नुसती भीती आहे आणि दुसरीकडे मरणाचा धोका. कारण गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते आणि ती सगळी ब्रेकला किंवा समोरच्या शरीराला पचवावी लागते. वर धरलेला एक सेकंदही उदार आहे. इंडियन रोड्स काँग्रेस रस्त्याची आखणी करताना चालकाच्या प्रतिसादासाठी अडीच सेकंद धरते, आणि त्या हिशेबाने सुरक्षित थांबायला ३० च्या वेगाला ३० मीटर, ५० ला ६०, ८० ला १२० आणि १०० ला तब्बल १८० मीटर दिसणारा रस्ता लागतो.

स्वीडनने १९९७ मध्ये संसदेत ठराव करून या हिशेबाला धोरणाचे रूप दिले. माणूस चुकणारच, मूल धावत रस्त्यावर येणारच, चालकाची नजर क्षणभर हलणारच, तेव्हा चूक झाली तरी मरण येणार नाही अशी व्यवस्था करायची, अशी त्या धोरणाची मांडणी आहे. त्यातून तीन आकडे पुढे आले, जे आज जगभरचे रस्ता-अभियंते वापरतात. पायी माणूस आणि मोटार एकाच जागी येतात तिथे ३०, कारण त्यापुढे पायी माणसाच्या जगण्याची शक्यता झपाट्याने घटत जाते. चौकात गाडी गाडीला बाजूने धडकू शकते तिथे ५०. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरासमोर धडक होऊ शकते तिथे ७०, आणि तेही दोन्हीकडे चांगल्या बांधणीच्या, पट्टा लावलेल्या मोटारी आहेत असे धरून. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सांगतो की ५० वरून ६५ पर्यंत वेग गेला की मोटारीच्या धडकेने पायी माणूस मरण्याचा धोका साडेचारपट होतो. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेने पायी आणि सायकलवरचे लोक वाहनांत मिसळतात तिथे ३० ची मर्यादा असावी अशी शिफारस केली. या आकड्यांना गाडीची किंमत, इंजिनाची ताकद किंवा रस्त्याचा दर्जा माहीत नाही. ते मानवी हाडांचे आणि मेंदूचे आकडे आहेत.

हे माप भिवापूरच्या रस्त्याला लावून पाहिले की चित्र बदलते. दुभाजक असलेला, दोन्ही बाजूंनी गुरे-माणसे मध्ये येऊ शकत नाहीत असा रस्ता असेल तर १०० चालेल. समृद्धीवर पायी माणूस, सायकल, ट्रॅक्टर यांना प्रवेशच नाही, म्हणून तिथे मोठा वेग निदान तत्त्वतः मान्य करता येतो. पण दुभाजक संपला की समोरासमोरच्या धडकेची शक्यता सुरू होते, आणि इथे आपल्या देशाची एक वेगळी अडचण आहे. स्वीडनच्या ७० च्या आकड्यामागे मोटारीचा पोलादी सांगाडा आणि हवेची पिशवी आहे. आपल्याकडे २०२२ साली रस्त्यांवर मेलेल्या १,६८,४९१ माणसांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती आणि १९.५ टक्के पायी चालणारी. दुचाकीस्वाराच्या अंगाभोवती सांगाडा नसतो. तेव्हा दुचाकी, ट्रॅक्टर आणि डंपर एकाच दुपदरी डांबरावर चालतात तिथे मोटारीला ७० देणेही सढळ हाताचे आहे, ६० अधिक समर्थनीय ठरेल. आणि गावाच्या पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, जिथे कडेला धड पदपथ नाही, तिथे ४०. बसथांबा, शाळा, बाजार यांच्यापाशी ३०. एवढ्याने गाव गैरसोयीत पडत नाही आणि महामार्गही बंद पडत नाही.

रात्रीचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. डिपरवर असलेल्या दिव्यांचा उपयोगी उजेड साधारण पन्नास-साठ मीटरच पडतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे ८० च्या वेगाला थांबायला १२० मीटर लागतात. म्हणजे समोरून गाडी येत असताना डिपर देऊन ८० ने जाणारा चालक, कितीही सराईत असला तरी, न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी हाकत असतो. पुढे मागचा दिवा नसलेली, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली असेल तर ती त्याला दिसते तोवर थांबण्याची वेळ गेलेली असते. धान आणि मिरचीच्या पट्ट्यात अशा ट्रॉल्या ही हंगामातली रोजची गोष्ट आहे. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण तो लागेपर्यंत रात्रीची मर्यादा दिवसापेक्षा कमी ठेवणे शहाणपणाचे आहे. आसामात काझीरंगाला लागून जाणाऱ्या महामार्गावर प्राण्यांच्या वाटांवर ४० ची मर्यादा घातली जाते आणि पूर्वी तर गाडी कधी आत शिरली आणि कधी बाहेर पडली याची वेळ कार्डावर नोंदून ती तपासली जात असे. नागपूर जिल्ह्यातच पेंचजवळ ४४ क्रमांकाच्या महामार्गावर वाघ आणि इतर प्राण्यांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून मोठे भुयारी मार्ग बांधले गेले. वेगळे करता येते तिथे वेगळे करा, वेगळे करता येत नाही तिथे वेग कमी करा, हे तत्त्व जंगलासाठी आपण मान्य केले आहे, आणि ते योग्यच केले. भिवापूरला लागून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आहे. तिथल्या जनावराला लागू होणारे तत्त्व सातऱ्यावरून घरी चाललेल्या बाईला लागू न करण्याचे कोणतेही कारण मला सापडत नाही.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. तो असा की मर्यादा कागदावर कितीही कमी लिहा, लोक रस्ता पाहून गाडी चालवतात. म्हणून मोकळ्या रस्त्यावर शंभरातले पंच्याऐंशी चालक ज्या वेगाच्या आत राहतात तीच मर्यादा धरावी. अमेरिकेत हा नियम अनेक दशके वापरला गेला. त्याच्या पाठीशी डेव्हिड सॉलोमन यांचा १९६४ चा अभ्यास होता. त्यात असे दिसले की सरासरी वेगाच्या जवळपास राहणाऱ्या गाड्यांना अपघात कमी होतात, फार हळू आणि फार जलद जाणाऱ्यांना जास्त. यावरून ‘वेग मारत नाही, वेगातला फरक मारतो’ असा निष्कर्ष काढला गेला आणि तो आजही ऐकू येतो. पण त्या अभ्यासातल्या हळू गाड्यांमध्ये वळायला किंवा थांबायला वेग कमी केलेल्या गाड्याही होत्या, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहरात १९९७ मध्ये झालेल्या काटेकोर तुलनेत हळू जाणाऱ्यांचा धोका वाढलेला आढळला नाही. उलट ६० च्या हद्दीत दर ५ किलोमीटर जादा वेगामागे माणूस जखमी होण्यासारख्या अपघाताचा धोका दुप्पट होत गेला. स्वीडनचे योरान निल्सन यांनी मांडलेले सूत्रही त्याच दिशेचे आहे : सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघात सुमारे चार टक्क्यांनी वाढतात. वेगातला फरक धोक्याचा आहेच, मी तो नाकारत नाही. पण ज्या रस्त्यावर ताशी ४ किलोमीटरने चालणारी बाई, १५ ने जाणारी सायकल आणि २० ने जाणारा ट्रॅक्टर कायम असणार, तिथे फरक कमी करण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे वरचा वेग खाली आणणे. पंच्याऐंशी टक्क्यांच्या नियमातली मूळ खोट वेगळीच आहे. त्यात मत फक्त गाडी चालवणाऱ्यांचे मोजले जाते. रस्ता ओलांडणाऱ्याला तिथे मतच नाही.

तरी त्या आक्षेपातला खरा अंश घ्यायलाच हवा. लोक खरोखरच रस्ता पाहून गाडी चालवतात. रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता केला आणि कडेला ४० चा गोल फलक ठोकला, तर रस्ता एक सांगतो आणि फलक दुसरे, आणि चालक रस्त्याचे ऐकतो. म्हणून मर्यादा ठरवणे हे मोठ्या प्रमाणात रस्ता घडवण्याचे काम आहे. गाव सुरू होते तिथे रस्त्याचे रूप बदलले पाहिजे. मधे छोटा दुभाजक, कडेला उंच पदपथ, पट्टा अरुंद केलेला, ओलांडण्याच्या जागी थांबायला मधे बेट, रात्री चांगला उजेड. आपल्याकडे या सगळ्याची जागा एकट्या गतिरोधकाने घेतली आहे. गावात अपघात होतो, लोक रस्ता अडवतात, चार दिवसांत कोणीतरी डांबराचा उंच, अरुंद ढीग टाकून देते. ना पट्टे, ना आधी सूचना. रात्री तोच दुचाकीस्वाराला पाडतो आणि बाळंतिणीला घेऊन जाणारी रुग्णवाहिका त्यावर आदळते. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचे माप घालून दिलेले आहे : ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, गोलाकार, ताशी २५ च्या सुमाराला आरामात ओलांडता येईल असा, आणि ४० मीटर आधी सूचनाफलक. हे मापही मुळात लहान रस्त्यांसाठी आहे. राष्ट्रीय महामार्गांवर गतिरोधक नकोत अशी केंद्राची भूमिका आहे आणि भरधाव मार्गाच्या बाबतीत ती बरोबर आहे. पण गतिरोधक काढून टाकायचा आणि त्याच्या जागी काहीच द्यायचे नाही, हे गावाला मान्य होणार नाही आणि होऊही नये. गावकऱ्यांनी टाकलेला तो बेढब ढीग म्हणजे आम्हाला हा वेग सोसत नाही अशी त्यांनी नोंदवलेली तक्रार आहे. तिचे उत्तर अभियंत्याने द्यायचे आहे.

वेळेचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि हिशेबापुढे सर्वांत कमी टिकतो. गावातला पट्टा दोन किलोमीटरचा धरला तर तो ६० ने दोन मिनिटांत संपतो, ४० ने तीन मिनिटांत. गेले एक मिनिट. सबंध दोन किलोमीटर ३० ने काढले तरी जादा जातात ती दोनच मिनिटे. बाहेर मोकळ्या रस्त्यावर ८० ऐवजी ६० ने गेले तर दर दहा किलोमीटरमागे अडीच मिनिटे जास्त लागतात, आणि तीही मध्ये एकही ट्रॉली, गुरे, फाटक आडवे आले नाही तर. खरी गोष्ट ही की दुपदरी रस्त्यावर ८० ने जाणारा पुढच्या डंपरमागे येऊन तसाही अडकतो. फ्रान्सने याचा मोठा प्रयोग केला. १ जुलै २०१८ पासून तिथे दुभाजक नसलेल्या ग्रामीण रस्त्यांवरची मर्यादा ९० वरून ८० केली. खेड्यापाड्यांत संताप उसळला. त्याच वर्षीच्या आंदोलनात वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची मोठ्या प्रमाणावर मोडतोड झाली आणि पुढे काही जिल्ह्यांना ९० परत आणण्याची मुभा द्यावी लागली. आणि तरीही पहिल्या वीस महिन्यांच्या सरकारी मूल्यमापनात सव्वातीनशेहून अधिक जीव वाचल्याचे दिसले. त्या संतापातून शिकण्यासारखे खूप आहे. पॅरिसहून सगळ्या देशाला एक आकडा लादला गेला, अशी खेड्यांची तक्रार होती. आपल्याकडे वरून येणारा आकडा सढळ आहे आणि गावांना हवा असलेला आकडा कमी आहे, म्हणजे स्थानिक निर्णय इथे सुरक्षेच्या बाजूने झुकण्याची शक्यता जास्त. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत नगरपंचायतीचे आणि ग्रामपंचायतींचे म्हणणे नियमाने मागवले गेले, तर कोणत्या जागी लोक कुठून कुठे जातात हे सांगायला तज्ज्ञाला शहरातून यावे लागणार नाही. आज ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला पाचशे मीटरच्या आत तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. दहा माणसे मेल्यावर जागा धोक्याची ठरणार असेल, तर ती ओलांडणाऱ्यांना आधी विचारणे हा माणुसकीचा भाग आहे.

आता पाळून घेण्याविषयी. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढवले. अतिवेगासाठी हलक्या वाहनाला एक ते दोन हजार रुपये, मध्यम व जड वाहनाला दोन ते चार हजार, पुन्हा सापडल्यास लायसन्स जप्त. दंड वाढला की लोक घाबरतील ही अपेक्षा स्वाभाविक आहे, पण माणूस शिक्षेच्या आकड्यापेक्षा सापडण्याच्या खात्रीला घाबरतो. वर्षातून एखाद्या दिवशी झाडाआड उभ्या केलेल्या इंटरसेप्टर गाडीने दोन हजारांचे चालान फाडले, तर त्या दिवशी आपले नशीब वाईट होते एवढेच चालकाच्या मनात राहते. दर खेपेला, दर गाडीला, चुकल्यास पाचशेच रुपये पण नक्की, असे झाले तर सवय बदलते. कायद्याने इथे एक चांगली अट घातली आहे : केवळ एका साक्षीदाराला ‘गाडी जोरात होती’ असे वाटले म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही, उपकरणाने वेग मोजलेला असावा लागतो. २०१९ च्याच दुरुस्तीने कलम १३६-अ आणले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ ने त्या उपकरणांच्या अटी सांगितल्या. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे, कॅमेरा आहे असा फलक रस्त्यावर ठळक हवा आणि नोटीस पंधरा दिवसांत पाठवली पाहिजे. या शेवटच्या अटीला मी फार महत्त्व देतो. सहा महिन्यांनी एकदम आठ चालाने मोबाइलवर आली तर त्यातून माणूस काहीच शिकत नाही, फक्त चिडतो.

कॅमेरे हे सरकारचे पैसे गोळा करण्याचे यंत्र आहे, हा आरोप झटकून टाकण्यासारखा नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चालानांच्या विरोधात संप पुकारला तेव्हा त्यांच्या रागाचा मोठा भाग चालानांच्या पद्धतीवर होता. तो राग घालवायचा तर कॅमेरा कुठे आहे हे लपवू नये, तिथली मर्यादा का ठरली ते जाहीर असावे, आणि दंडाचा पैसा त्याच रस्त्याच्या पदपथावर व दिव्यांवर खर्च होताना लोकांना दिसावा. उत्तम कॅमेऱ्याची खूण ही की त्याची कमाई दरवर्षी घटत जाते. एका बिंदूवर वेग टिपणाऱ्या यंत्रापाशी लोक ब्रेक लावतात आणि पुढे गेल्यावर पुन्हा पेडल दाबतात, म्हणून दोन जागांमधला सरासरी वेग मोजणे अधिक न्याय्य आणि अधिक परिणामकारक ठरते. इटलीने आपल्या द्रुतगती मार्गांवर २००५ पासून ही पद्धत आणली आणि पहिल्याच वर्षी त्या पट्ट्यांवरचे मृत्यू निम्म्यावर आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कमानींवरच्या कॅमेऱ्यांनी असा सरासरी वेग मोजायला सुरुवात झाली. त्याआधीच, २०१६ पासून, तिथे रस्त्याच्या एकेक दोषावर काम सुरू झाले होते : उघडे कठडे, कडेला बंद पडून उभे ट्रक, मदत पोचायला लागणारा वेळ. मृत्यू पुढच्या काही वर्षांत निम्म्यापर्यंत खाली आले. हा पैसा आणि हे लक्ष मुंबई-पुण्याला मिळते आणि नागभीडकडे जाणाऱ्या रस्त्याला मिळत नाही, ही माझी तक्रार आहे. सरासरी वेगाची पद्धत गावातून जाणाऱ्या दुपदरी रस्त्याला तर अधिकच शोभते, कारण तिथे दोनच कॅमेरे पुरतात. ज्या चालानांची तपासणी होत नाही, वसुली होत नाही आणि जी वर्षानुवर्षे साचून अखेर लोकअदालतीत तडजोडीला जातात, त्यांची संख्या वाढवून कोणाचाच वेग कमी होणार नाही.

चालकाच्या चुकीवर बोट ठेवताना एक गोष्ट सुटून जाते. २०२२ च्या सरकारी अहवालात सुमारे ७१ टक्के मृत्यू ‘अतिवेग’ या रकान्यात आहेत. अपघातानंतर पोलीस जो तक्ता भरतात त्यात हा रकाना सोपा आहे आणि तो खोटाही नाही, पण तिथे तपास थांबला की रस्ता निर्दोष सुटतो आणि मालकही. कायदा मात्र दोघांना सोडत नाही. कलम १९८-अ प्रमाणे रस्त्याची आखणी, बांधणी, देखभाल प्रमाणित दर्जाची नसेल आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला व कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण तत्त्व मोठे आहे. आणि कलम १८३ मध्ये त्याहून महत्त्वाची तरतूद आहे. हाताखालच्या चालकाला मर्यादेबाहेर गाडी हाकायला लावणाराही दोषी आहे, आणि मर्यादा न मोडता पाळता येणार नाही असे वेळापत्रक किंवा असा हुकूम देणे हाच त्याच्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जाऊ शकतो. खेपेवर मजुरी मिळणारा डंपरचालक, ठरल्या मिनिटाला पोचायची सक्ती असलेला खासगी बसचालक, घरपोच पार्सल देणारा मुलगा, यांच्या वेगाचे मूळ गाडीत नसते, ठेकेदाराच्या वहीत असते. दिवसाला किती खेपा लावल्या आणि अंतर किती, एवढा भागाकार केला की तो वेग बाहेर येतो. परिवहन विभागाने खाणीच्या आणि धानाच्या वाहतुकीत असा हिशेब तपासायला घेतला, तर एका मालकावरच्या कारवाईने शंभर चालकांचा पाय हलका होईल.

भिवापुरात याची सुरुवात करायला नव्या कायद्याची गरज नाही. कलम ११२ खाली जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याने गावठाणाच्या दोन टोकांमध्ये ४० आणि थांबा-शाळा-बाजारापाशी ३० अशी मर्यादा जाहीर करावी. महामार्गाची देखभाल करणाऱ्या यंत्रणेने त्या आधी दोन्ही टोकांना रस्त्याचे रूप बदलावे : खडबडीत पट्टे, मधला छोटा दुभाजक, ओलांडायला उजेडातली जागा. काम झाल्यावर महिनाभर नुसती सूचना द्यावी, त्यानंतर चालान. टोकांना एकेक कॅमेरा आणि त्याच्या शंभर मीटर आधी मोठ्या मराठी अक्षरांत फलक. दोन कॅमेऱ्यांमधले अंतर दोन किलोमीटर असेल तर जी गाडी तीन मिनिटांच्या आत दुसऱ्या कॅमेऱ्यापुढून गेली ती ४० च्या वर होती, मग ती कोणाचीही असो. भागाकार एवढाच आहे, तो गावातल्या कोणालाही करून पाहता येतो, आणि ज्याला चालान आले त्यालाही.